कुकडी नदी: उगम, खोरे आणि कालव्यापलीकडची ओळख

पाणलोट
नमस्कार. कुकडी नदीविषयी एक सविस्तर धागा असावा, असे बऱ्याच दिवसांपासून वाटत होते. भूगोलाच्या हिशेबात ही उपनदीची उपनदी आहे. कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला आणि भीमा कृष्णेला. त्यामुळे नद्यांच्या याद्यांत तिच्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ येते. प्रत्यक्षात नाणेघाटाचा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग, जुन्नरभोवतीची लेणी, शिवनेरी, बोरी बुद्रुकची ज्वालामुखीय राख आणि निघोजचे रांजणखळगे हे सारे या एकाच नदीच्या आधाराने उभे आहे. इतक्या लहान नदीकाठी इतक्या वेगवेगळ्या काळांच्या खुणा सापडाव्यात, हे महाराष्ट्रातही विरळाच.

माझा प्रश्न असा आहे. कर्जत आणि करमाळा तालुक्यांत 'कुकडी' हे नाव लोकांच्या तोंडी रोज असते. मात्र तिथे कुकडी म्हणजे कालवा, आणि कुकडी आली म्हणजे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटले. त्यातील अनेकांनी ही नदी कधी पाहिलेली नसते. मग आज कुकडीचे खोरे कशाला म्हणायचे? उगमापासून घोडेच्या संगमापर्यंतच्या पाणलोटाला, की तिचे पाणी जिथवर पोहोचते त्या साऱ्या प्रदेशाला? माझे स्वतःचे मत पहिल्या बाजूला झुकते, परंतु जाणकारांचे ऐकण्याची इच्छा आहे.

सह्यघाट
उत्तम विषय. उगमापासूनच सुरुवात करू. श्रद्धेनुसार कुकडीचा उगम चावंड किल्ल्याजवळच्या पूर गावातील कुकडेश्वर मंदिरापाशी मानला जातो. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमांवर बारा शिवालये बांधली अशी परंपरा आहे आणि कुकडेश्वर त्यांतलेच एक मानले जाते. मंदिराला आज शिखर नाही, पण भिंतींवरचे आणि आतल्या खांबांवरचे कोरीवकाम जवळून पाहण्यासारखे आहे.

तथापि केवळ पाण्याच्या दृष्टीने पाहिले, तर घाटघर आणि नाणेघाटाच्या पठाराकडून उतरणारे ओढेही याच नदीचे आहेत. पावसाळ्यात त्या पठारावर उभे राहिले की पश्चिमेकडचे पाणी कड्यावरून कोकणात कोसळताना दिसते आणि पाठीमागचे पाणी आपल्या वाटेने पूर्वेला निघालेले असते. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले याच खोऱ्याच्या दोन्ही अंगांना उभे आहेत, यावरून या वाटेचे मोल कळावे.

मूकवाचक
म्हणजे उगम दोन झाले. खरा कोणता?

सह्यघाट
@मूकवाचक, दोन्ही. ज्या ठिकाणी माणसांनी नदीला हात जोडायला सुरुवात केली ते एक, आणि ज्या ठिकाणी पावसाचा थेंब तिच्या उतारावर पडतो ते दुसरे. महाराष्ट्रातील बहुतेक नद्यांची हीच गोष्ट आहे, त्यामुळे एकाला खोटे ठरवण्याचे कारण नाही.

लेणीमार्ग
नाणेघाटाचा उल्लेख आला म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि तिथून पुढे प्रतिष्ठानला, म्हणजे आजच्या पैठणला जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे. दक्षिणेचे आकडे अंकांत कोरलेले असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासातही या लेखाला फार वरचे स्थान आहे. त्याच लेण्यात सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्यासह राजकुटुंबाच्या प्रतिमा होत्या; आज त्यांच्यावरची नावे आणि थोडेफार अवशेष एवढेच उरले आहे.

घाट चढून आलेल्या माणसाला पुढे कुकडीची सपाट, पाणी असलेली वाट मिळत असे, आणि हीच वाट जुन्नरच्या भरभराटीचे मूळ आहे. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि नदीच्या उत्तरेकडील लेण्याद्री हे त्यांतले प्रमुख गट. त्यांतील दानलेख वाचले की या नदीकाठी कोण माणसे राहत होती हे कळते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, लेणे आणि पाण्याची पोढी (कातळात खोदलेले टाके) दान दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. यवनांची दानेही आहेत, आणि त्यांतील एकाने दोन पोढ्या खोदवल्या. मानमोडीच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा 46 व्या वर्षाचा लेख आहे, तोही मंडप आणि पोढी यांच्या दानाचा. खाली नदी वाहत असताना वर कातळात पुन्हा पुन्हा पाण्याची टाकी दान दिली जात होती, ही गोष्ट मला या खोऱ्याविषयी सर्वांत बोलकी वाटते. उन्हाळ्यात नदी किती आटत असेल याचा तो अप्रत्यक्ष पुरावाच समजावा.

खडकमाळ
@लेणीमार्ग यांचा प्रतिसाद आवडला, परंतु शेवटच्या अनुमानाशी मी सहमत नाही. पोढ्या उन्हाळ्यासाठी होत्या यापेक्षा डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना दररोज खाली उतरावे लागू नये म्हणून होत्या, हे कारण पुरेसे आहे. कोकणात बारमाही पाण्याशेजारच्या लेण्यांतही टाकी असतातच. नदीच्या आटण्याचा पुरावा त्यातून काढू नये.

लेणीमार्ग
आक्षेप रास्त आहे. पोढ्यांवरून नदीचे मान ठरवता येणार नाही हे मान्य. पाण्याचे दान इथे श्रेष्ठ मानले जात होते, एवढे मात्र त्यांवरून निश्चित म्हणता येईल.

जुना दस्त
सातवाहनांनंतर थेट शिवकाळावर उडी मारू नये, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी दख्खनमध्ये आला, तेव्हा पावसाळ्यात तो जुन्नरला राहिला होता. खडकावरच्या अवघड किल्ल्याचे, चिखलाचे आणि सततच्या पावसाचे त्याने केलेले वर्णन वाचले की कुकडीच्या वरच्या खोऱ्यातला पावसाळा डोळ्यांसमोर उभा राहतो. पुढे मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाहीचा पाया घातला तो जुन्नरहूनच, अहमदनगर त्यानंतरचे. शिवाजी महाराजांचा जन्म 1630 साली शिवनेरीवर झाला, हे तर कुणाला सांगायलाच नको.

दुसरी गोष्ट कागदाची. जुन्नरला हातकागद तयार होत असे आणि 'जुन्नरी कागद' दफ्तरांत मानाने वापरला जाई. चिंध्या कुजवायच्या, कुटायच्या, वारंवार धुवायच्या आणि मग लगदा पाण्यात पसरून साच्यावर उचलायचा, असे हे काम. वाहत्या पाण्यावाचून ते चालणे शक्य नाही. जुना जुन्नरी कागद उजेडासमोर धरला तर साच्याच्या काड्यांच्या बारीक समांतर रेघा स्पष्ट दिसतात. पेशवेकालीन कागदपत्रे चाळताना या गावाच्या पाण्याची आठवण ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

कातळ
आता भूगोलाकडे येऊ, कारण मूळ प्रश्न खोऱ्याचा आहे. कुकडीचे खोरे समजून घ्यायचे तर पावसाचा उतार आधी पाहावा. पश्चिमेला घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. जुन्नर शहराच्या पूर्वेला तो झपाट्याने उतरतो आणि पारनेर-शिरूरच्या बाजूला पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. म्हणजे वरच्या टोकाला भाताची खाचरे आणि हिरड्याची झाडे, तर खालच्या टोकाला ज्वारी-बाजरीचा अवर्षणप्रवण माळ. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक पडत असल्यामुळे नदीचे पाणी नेहमीच वरच्या भागाने खालच्या भागाला दिलेले असते. धरणे ही नंतरची गोष्ट.

खडक सगळा दख्खनचा बेसॉल्ट. लाव्हाचे आडवे थर एकावर एक बसलेले, त्यांत काही टणक आणि काही पोकळ्यांनी भरलेले. निघोज आणि टाकळी हाजी यांच्या दरम्यान नदी एका टणक थरातून अरुंद घळ कापत गेली आहे आणि तिथेच रांजणखळगे आहेत. पुराच्या वेळी पाण्याबरोबर आलेले दगडगोटे खडकातल्या एखाद्या खोलगट जागी अडकतात आणि भोवऱ्यात गरगर फिरत राहतात. गोटा झिजतो आणि खडकही झिजतो. झिजलेला गोटा वाहून गेला की त्याच्या जागी दुसरा येतो. उन्हाळ्यात एखाद्या कोरड्या खळग्यात वाकून पाहिल्यास तळाशी घासून गुळगुळीत झालेले काळे गोटे पडलेले असतात आणि भिंतीवर भोवऱ्याच्या दिशेने वळत गेलेले ओरखडे हाताला लागतात. दोन शेजारचे खळगे रुंद होत गेले की मधली भिंत पातळ होते, शेवटी फुटते आणि दोन्ही एक होतात. घळ खोल होण्याची क्रिया अशीच पुढे सरकते.

शिवनेर पूर्व
या खळग्यांविषयी 'आशियात सर्वांत मोठे', 'जगात एकमेव' असे सर्वत्र लिहिले जाते. कृपया या धाग्यावर तरी ते नको. रांजणखळगे जगात अनेक नद्यांत आहेत आणि महाराष्ट्रातही इतरत्र आहेत. निघोजचे मोठेपण त्यांच्या संख्येत, खोलीत आणि इतक्या दाटीवाटीत आहे; त्याला कोणत्याही विक्रमाची गरज नाही.

नदीच्या दोन्ही काठांवर मळगंगा देवीची मंदिरे आहेत, एक पुणे जिल्ह्यात आणि एक अहिल्यानगर जिल्ह्यात. जिल्ह्यांची सीमा मधल्या घळीतून जाते, भाविक मात्र दोन्हीकडे जातात.

पाणलोट
सर्वांचे आभार. बोरीविषयी कोणी लिहील का? मला स्वतःला त्या राखेच्या वयाविषयीचा वाद नीट समजून घ्यायचा आहे.

राखेचा थर
लिहितो. जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा थर आहे. 1980 च्या दशकात तो अभ्यासकांच्या लक्षात आला. आपल्या बेसॉल्टशी त्याचा काही संबंध नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि काळा; ही राख फिकट करडी, हलकी आणि त्या मानाने अगदी अलीकडची. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण म्हणजे फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींसारखे वक्र, धारदार काचेचे तुकडे दिसतात. त्यांच्या रासायनिक घटकांवरून ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची आहे हे ठरले, म्हणजे तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावरून आलेली. हवेतून पडलेली राख पाण्याने वाहून नदीकाठच्या सखल जागी साचली आणि वरून गाळ बसल्यामुळे टिकली. कऱ्हा नदीकाठी मोरगावलाही अशी राख आहे.

वाद वयाचा आहे. राखेच्या सान्निध्यातील गाळात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या, त्यामुळे राखेचे वय ठरले की हत्यारांचे वय ठरेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. पहिल्या कालमापनात वय सुमारे 14 लाख वर्षे आले. नंतरच्या आर्गॉन पद्धतीने ते 6.7 लाखांच्या आसपास निघाले. त्यानंतर रासायनिक तुलनेवरून अनेकांनी असे मांडले की ही टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची राख आहे. पुढे काही अभ्यासकांनी ती टोबाच्याच जुन्या, सुमारे 8 लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असल्याचा युक्तिवाद पुन्हा केला. राख 74 हजार वर्षांची मानली तर हातकुऱ्हाडी वरच्या बाजूच्या जुन्या थरांतून वाहून आलेल्या असाव्यात, कारण त्या घडणीची हत्यारे त्याहून बरीच जुनी असतात. राख जुनी मानली तर भारतातील आदिमानवाच्या इतिहासात बोरीचे स्थान फार वर जाते. नदी गाळ उचलते, हलवते आणि पुन्हा टाकते, म्हणूनच हा प्रश्न इतका अवघड झाला आहे.

माझी कळकळ एवढीच की ही राख नदीकाठच्या उघड्या दरडीत आहे. वाळू-मातीचा उपसा आणि शेतीसाठी होणारे सपाटीकरण यांपुढे अशी दरड टिकत नाही. गावातील शाळेच्या मुलांना तो थर दाखवला जावा आणि तिथे एक साधा माहितीफलक तरी असावा.

मूकवाचक
मी या परिसरातलाच, पण टोबाविषयी आज प्रथमच वाचले. धन्यवाद.

टेलकरी
मी कालव्याच्या शेवटच्या टोकाकडचा शेतकरी आहे, त्यामुळे मूळ प्रश्नावर दुसरी बाजू मांडतो. पाणलोट यांनी लिहिले की आम्ही नदी पाहिलेली नसते. खरे आहे. पण येडगावपासून निघणारा डावा कालवा सुमारे अडीचशे किलोमीटर लांब आहे आणि कुकडी प्रकल्पाचा लाभ जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळा अशा सात तालुक्यांत विभागलेला आहे. आवर्तन सुटल्यावर पाणी आमच्यापर्यंत यायला कित्येक दिवस लागतात. वरच्या चाऱ्या, म्हणजे कालव्याचे छोटे फाटे, आधी उघडल्या गेल्या की आमच्या चारीला धार बारीक होते. 'टेल टू हेड' म्हणजे शेवटच्या टोकाला आधी पाणी, हे तत्त्व बैठकीत सर्वांना मान्य असते. रात्री चारीवर दारे धरणाऱ्याला मात्र त्यासाठी भांडावे लागते. ज्या पाण्यावर आमची ज्वारी, फळबाग आणि जनावरांचा चारा उभा राहतो ते पाणी ज्या नदीचे, ती आमचीही नदी आहे. खोऱ्याच्या व्याख्येतून आम्हाला वगळू नये, ही विनंती.

कातळ
@टेलकरी, आपली बाजू महत्त्वाची आहे. भूगोलाची एक वस्तुस्थिती मात्र सांगावीशी वाटते. येडगाव धरणात केवळ कुकडीचे पाणी नसते. घोड नदीवरील डिंभे धरणाचा डावा कालवा घोडेचे पाणी येडगावात आणतो. म्हणजे जी नदी पुढे जाऊन घोडेला मिळायची, तिलाच घोडेने वर धरणात पाणी आणून दिले आहे! पाटबंधाऱ्यांच्या नकाशावर उपनदी कोणती आणि मुख्य नदी कोणती हा क्रम इथे उलटतो. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही पाचही धरणे कुकडी प्रकल्पाची म्हणून ओळखली जातात, पण वडज मीना नदीवर आणि डिंभे घोडेवर आहे. तुमच्या चारीत येणाऱ्या पाण्यात या साऱ्यांचा अंश आहे.

हिरडा
वरच्या टोकाची बाजू अजून कोणी मांडली नाही. माणिकडोहच्या जलाशयाच्या भोवती आणि त्याच्या वर राहणारे बहुतांश लोक महादेव कोळी समाजाचे आहेत. भात, नाचणी, वरई आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करणे, यांवर संसार चालतो. धरणात खालची सपाट, गाळाची भातजमीन गेली आणि लोक वरच्या उतारांवर सरकले. जलाशय डोळ्यांसमोर असतो, परंतु पाणी उतारावरून खाली जाण्यासाठी अडवलेले असते. ते वर उचलायला वीज आणि पंप लागतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत धरणाच्या काठावरच्याच काही वाड्यांतील बायकांना डोंगरातल्या झऱ्यावर हंडे घेऊन जावे लागते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात, तेवढाच धरणाचा थेट लाभ.

टेलकरी यांना पाणी मिळू नये असे आमच्याकडे कोणीही म्हणत नाही. पण 'कुकडीचे लाभधारक' या शब्दांत ज्यांनी नदीला जमीन दिली ते कधी मोजले जात नाहीत. जुन्या डोहांची, पाणवठ्यांची आणि पाण्याखाली गेलेल्या शिवारांची नावे अजून साठी-सत्तरीतल्या माणसांच्या तोंडी आहेत. कुकडीचे खोरे कशाला म्हणायचे हे ठरवण्याआधी ती नावे लिहून घेतली पाहिजेत.

टेलकरी
@हिरडा, आपले म्हणणे मनापासून पटले. लाभक्षेत्राच्या बैठकांत हा मुद्दा आमच्या बाजूनेही मांडला गेला पाहिजे.

ऊसमळा
पाण्याने झालेला आणखी एक बदल नोंदवतो. बारमाही पाण्यामुळे जुन्नरच्या मधल्या भागात ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा वाढला. उसाच्या फडांत बिबट्याला आडोसा, पाणी आणि भक्ष्य मिळाले आणि तो तिथेच विणू लागला. आज ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्ले सापडणे नवीन राहिलेले नाही. बिबट निवारा केंद्र माणिकडोहलाच आहे. काही गावांत संध्याकाळी मुलांना अंगणात एकटे सोडत नाहीत आणि रात्रीच्या वीजपुरवठ्यावर पाणी भरायला जाणे जीवावर बेतते. हाही या नदीच्या इतिहासाचा चालू भाग आहे.

खडकमाळ
डिंभे-माणिकडोह बोगद्याविषयीही लिहायला हवे. माणिकडोह अनेक वर्षी पूर्ण भरत नाही, म्हणून डिंभ्याचे जादा पाणी बोगद्याने माणिकडोहात आणावे असा प्रस्ताव आहे. खालच्या तालुक्यांना तो हवा आहे. आंबेगावच्या बाजूची भीती अशी की बोगद्याचे तोंड फार खालच्या पातळीवर ठेवले तर जादा पाण्याबरोबर हक्काचेही पाणी निघून जाईल. म्हणजे सारा वाद अखेर तोंडाच्या पातळीवर येऊन ठेपतो. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाच्या बच्छावत निवाड्याने महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. त्यातले आपल्या तालुक्याला किती, हा प्रश्न मात्र प्रत्येक धरणाच्या भिंतीपाशी नव्याने उभा राहतो.

पाणलोट
आता मूळ प्रश्नाकडे वळतो. चर्चेतून माझे मत बरेच स्पष्ट झाले. पाणलोट क्षेत्र आणि लाभक्षेत्र या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवाव्यात, कारण त्या एक केल्या की हिरडा यांनी सांगितलेली माणसे नकाशावरून पुसली जातात. परंतु नदीचा इतिहास लिहिताना दोन्ही घ्यावे लागतील. नाणेघाटाने चढणारा माल पैठणला जात होता, म्हणून आपण पैठणला कुकडीच्या इतिहासाबाहेर ठेवत नाही. त्याच न्यायाने कर्जत-करमाळ्यालाही बाहेर ठेवता येणार नाही.

राहतो तो येडगाव ते संगम हा मधला भाग. पूर ओसरल्यावर तिथे नदी म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे साचलेल्या पाण्याची रांग असते. ढापे, म्हणजे बंधाऱ्याची दारे बंद करणाऱ्या फळ्या, टाकले की पाणी थांबते, वरून सोडले की भरते. या पट्ट्यातील मासे, डोह आणि काठची झाडी यांविषयी कोणाकडे माहिती असल्यास जरूर लिहावे, कारण धाग्यात तेवढाच भाग कोरा राहिला आहे.

शिवनेर पूर्व
त्या पट्ट्यातला मी आहे. सवडीने लिहीन, मासेमारी करणाऱ्या दोघा-तिघांशी बोलून मगच लिहितो. तोवर निघोजला जाणाऱ्यांसाठी एक सूचना: खळगे पाहायला उन्हाळा चांगला, मात्र बंधारे भरण्यासाठी नदीत पाणी सोडले जाते तेव्हा घळीतली पातळी पाहता पाहता वाढते. आवर्तन चालू आहे का, हे टाकळी हाजीत किंवा निघोजमध्ये विचारल्याशिवाय खडकात उतरू नये.